भरल्या वाटीशेजारी तहानलेला

मे महिन्याच्या सुट्टीतली एक संध्याकाळ. ठाकूरद्वारच्या एका चाळीतून आजोबा आणि त्यांचा अकरा वर्षांचा नातू माझ्या दवाखान्यात आले. नातवाच्या हातात चपलांचा खोका होता, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडलेली. आत हिरवट-राखाडी रंगाचं, करंगळीएवढ्या जाडीचं एक पिल्लू फांदीच्या तुकड्याला कसंबसं धरून बसलं होतं. शेजारी बाटलीच्या झाकणाची वाटी, पाण्यानं काठोकाठ भरलेली.

''डॉक्टरसाहेब, पाणी ठेवलंय, तरी पीतच नाही,'' आजोबा म्हणाले.

''डॉक्टरकाका, मी वाटी रोज धुतो,'' नातवानं लगेच सांगितलं.

पिल्लू शॅमेलिऑनचं होतं. आपल्याकडचं नव्हे, परदेशी. डोक्यावर उंच तुरा असलेल्या, येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या जातीचं. वाढदिवसाची भेट म्हणून कुणा नातेवाइकानं आणलेलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, वाटीत पाणी ठेवा, दिवसाला दोन अळ्या टाका, बाकी काही लागत नाही. महिनाभर त्या मुलानं हे अक्षरशः पाळलं. आता पिल्लाचे डोळे खोल गेले होते आणि पुढचे पाय कोपरात वाकले होते. खोक्याच्या तळाशी पडलेल्या विष्ठेत जो भाग पांढरा असायला हवा, तो गडद नारिंगी झाला होता. समोर पाणी असून ते तहानेनं सुकत होतं.

गेल्या काही वर्षांत मांजर-कुत्र्यांच्या रांगेत असे खोके अधूनमधून दिसू लागले आहेत. म्हणून आज या प्राण्याच्या अन्नपाण्याविषयी लिहितो आहे, आणि त्याबरोबर तो आपल्या घरात असावा का, याविषयीही.

आधी पाण्याचं. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याच्या जगात पाणी साचलेलं नसतं, ते पानावर असतं. पहाटेचं दव, धुकं, पाऊस यांचे थेंब. हलणारा, चमकणारा थेंब दिसला की तो पुढे सरकतो आणि चाटतो. वाटीतलं स्थिर पाणी म्हणजे पाणी, हे त्याला सहसा कळतच नाही. कुत्र्याला तहान लागली की ते भांडं शोधतं. हा प्राणी पान शोधतो, आणि खोक्यात पान नसतं.

म्हणजे पाणी द्यायचं ते पानावर. इस्त्रीवाल्याकडे असते तशी बारीक फवाऱ्याची स्वच्छ बाटली घ्यावी. सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी दिवे जाण्याआधी पिंजऱ्यातल्या पानांवर काही मिनिटं हलकेच फवारा मारावा. एक-दोन फटकारे मारून थांबू नये. बहुतेक पिल्लं पहिली काही मिनिटं नुसती बघत राहतात आणि मग पिऊ लागतात. दुपारी वरून थेंब-थेंब गळणारं पाणी ठेवलं तर उत्तम. सलाईनची नवी नळी आणि एक बाटली एवढ्यावर ते जमतं. खाली गळलेलं पाणी धरायला ताट ठेवायचं आणि ते रोज ओतून टाकायचं. पिण्यायोग्य साधं पाणी चालतं. बर्फाळ नको, गरम नको.

तीन गोष्टी मात्र टाळायच्या. फवारा थेट तोंडावर मारायचा नाही, त्यानं प्राणी घाबरतो. ड्रॉपरनं किंवा सिरिंजनं तोंड उघडून पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येऊ शकते. आणि पिंजरा दिवसभर ओलाचिंब ठेवायचा नाही. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं सुकली पाहिजेत.

या शेवटच्या मुद्द्यावर गिरगावकर हमखास फसतो. मुंबईची हवा एवढी दमट, मग वेगळं पाणी कशाला, असं वाटतं. पण दमट हवा पिता येत नाही. हवेतल्या ओलाव्यामुळे शरीरातून पाणी कमी उडतं इतकंच. प्यायला थेंबच लागतो. त्यातून खोलीत एसी असेल तर हवा कोरडी होते आणि तोही फायदा जातो. उलट जुलै-ऑगस्टात काचेच्या बंद टाकीत वारा खेळत नाही. ओल कोंडते, बुरशी धरते, श्वसनाचे आजार होतात. म्हणून या प्राण्याला काचेची टाकी नव्हे, चहूबाजूंनी जाळीचा उभा पिंजरा लागतो. चाळीत वाढलेल्यांना नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळणं शिकवावं लागत नाही. शॅमेलिऑनच्या पाण्याचीही वेळ असते, आणि ती चुकली तर त्याला पिंपातलं काढून घेता येत नाही.

पिल्लाच्या बाबतीत ही चूक लवकर भोवते. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅमचं असतं. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानानं कातडी जास्त आणि पाणी उडण्याचा वेगही जास्त. मोठा शॅमेलिऑन एखाद-दुसरा कोरडा दिवस काढेल, पिल्लाला तो महागात पडतो. त्यामुळे रोज दोन खुणा पाहायच्या. डोळे भरलेले आणि गरगर फिरते आहेत का? आणि विष्ठेसोबत येणारा युरिक आम्लाचा गोळा पांढरा आहे का? तो पिवळ्याकडून नारिंगीकडे जाऊ लागला तर पाणी कमी पडतं आहे. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन झोपलेला नसतो, आजारी असतो. तेव्हा वाट बघत बसू नये.

आता खाण्याचं. निसर्गानं या प्राण्याला जे हत्यार दिलं आहे ते थक्क करणारं आहे. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. भक्ष्य दिसलं की दोन्ही एकाच ठिकाणी रोखले जातात आणि अंतराचा अंदाज घेतात. मग जीभ सुटते, अनेक जातींत शरीराच्या दुप्पट लांब. जिभेच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असते, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात २० जातींच्या जिभांची तुलना झाली. त्यात जात जितकी लहान, तितकी जीभ अधिक झपाट्यानं सुटते असं आढळलं. कारण सरळ आहे. लहान शरीराला वजनाच्या मानानं जास्त अन्न लागतं, म्हणून हत्यारही तसंच जोरदार. पिल्लाच्या भुकेचा विचार करताना हा हिशेब डोक्यात ठेवावा. दिवसाला दोन अळ्या म्हणजे त्या पिल्लाची उपासमारच होती.

वाढत्या पिल्लाला रोज खायला लागतं. पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर हळूहळू एक दिवसाआड. खाणं म्हणजे जिवंत, हलणारे कीटक. मेलेला किडा त्याला दिसतही नाही म्हणा ना. अगदी लहानपणी फळमाश्या आणि नुकते जन्मलेले रातकिडे, पुढे थोडे मोठे. आकाराचा नियम सोपा आहे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा रुंद नसावा. सकाळी पंधरा-वीस मिनिटांत जेवढे खाईल तेवढे द्यावेत आणि उरलेले संध्याकाळी काढून घ्यावेत. रात्री तेच रातकिडे झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात.

बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या अळ्या, म्हणजे मीलवर्म, माशांच्या आणि पक्ष्यांच्या खाद्यासोबत सहज मिळतात, म्हणून लोक त्यांवरच भागवतात. त्यांचं कवच कठीण असतं आणि चरबी जास्त असते. कधीमधी ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. चाळीच्या मोरीतलं झुरळ पकडून देणं तर घातकच. त्याच्या पोटात काल मारलेलं औषध असू शकतं. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गेलेल्यांनी काजवा पकडून आणू नये. काही जातींच्या काजव्यांत असं विष असतं की एकदोन खाल्ले तरी सरडे मरतात. वरणभात, दूध, उकडलेलं अंडं हे सगळं प्रेमानं दिलं जातं, त्याला त्याचा काही उपयोग नाही.

पण किडे दिले म्हणजे काम झालं, असंही नाही. घरात पाळलेल्या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू इथे लपलेला असतो. रातकिड्यांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी. वाढत्या हाडांना हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. हे गणित चुकलं की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, जीभ पुढे फेकता येत नाही. आपल्या आजी ज्याला मुडदूस म्हणत, त्याचाच हा सरड्यातला भाऊ. माझ्यासमोरच्या खोक्यातले वाकलेले पाय त्याचेच होते.

त्यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र लागतात. पहिला, किड्यांना आधी जेवू घालणं. त्यांना दिवसभर गाजर, हिरवा पाला, भोपळा खायला द्यायचा; किड्याच्या पोटातलं तेच पिल्लाच्या पोटात जातं. दुसरा, देण्याआधी किड्यांवर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीचा हलका हात फिरवणं. तिसरा, प्रकाश. कॅल्शियम शरीरात मुरायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात.

''खिडकीत ठेवतो की आम्ही,'' असं मला नेहमी सांगितलं जातं. साधी खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. काचेआड ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. आणि आपल्या गल्ल्यांत दोन इमारतींच्या मधून गॅलरीत येणारं ऊन असतंच किती? तासभर. म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा लागतो, तो दिवसाला दहा-बारा तास चालवावा लागतो आणि उजेड तसाच दिसत असला तरी कंपनीनं दिलेल्या मुदतीत बदलावा लागतो, कारण किरण आधी संपतात. उन्हात ठेवायचंच तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि समोर बसून. प्लॅस्टिकच्या डब्यात मे महिन्याच्या उन्हात पिल्लू काही मिनिटांत भाजून मरतं.

एक इशारा द्यायलाच हवा. दिवा महाग वाटतो म्हणून काही जण औषधांच्या दुकानातून ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आणतात आणि चिमूटभर देतात. ही पुडी सत्तर किलोच्या माणसाला साधारण आठवड्यातून एकदा दिली जाते. वीस ग्रॅमच्या पिल्लासाठी चिमूटही विष आहे. जास्तीचं ड जीवनसत्त्व मूत्रपिंडं आणि रक्तवाहिन्या कॅल्शियमनं भरून टाकतं. जीवनसत्त्वांची मात्रा सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी.

पिंजऱ्यात झाड कोणतं? जास्वंद. आपल्याकडे गॅलरीत ती असतेच. ही तुरेवाली जात मोठेपणी पानंही कुरतडते आणि जास्वंदीची पानंफुलं तिला बाधत नाहीत. फक्त त्यांवर औषध मारलेलं नसावं. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. त्याला सोबत नको असते; दुसरा शॅमेलिऑन, अगदी आरशातलं स्वतःचं प्रतिबिंबही, त्याला ताण देतं. ताण आला की खाणं सुटतं. म्हणून पाहुण्यांना दाखवायला दर रविवारी हातावर घेणं बंद. आणि घरातल्यांसाठी एक गोष्ट. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत, त्याची ताटली स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, आणि पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर असा प्राणी मुळात आणूच नये.

इथवर वाचून कुणाला वाटेल, एवढं जमेल की. जमतं. काटेकोर माणसाला ते जमतं, हे मी पाहिलं आहे. तरीही माझं मत असं आहे की तो आणू नये. कारण अडचण केवळ अन्नपाण्याची नाही.

आपला स्वतःचा शॅमेलिऑन आहे. महाराष्ट्रातल्या कोरड्या झाडोऱ्यात, शेताच्या बांधावरच्या झुडपांत तो सापडतो. काही भागांत त्याला घोयरा म्हणतात. कुंपणावर मान हलवत बसणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा नेहमीचा बागसरडा वेगळा. मुलं त्यालाच शॅमेलिऑन समजतात. घोयरा विषारी नाही, तरी विषारी समजून मारला जातो आणि दुसरीकडे हौसेसाठी पकडला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. कुणी 'गावाकडचा आहे, स्वस्तात देतो' म्हणालं, तर ते स्वस्त नसतं.

परदेशी जातींचंही आता मोकळं रान राहिलेलं नाही. शॅमेलिऑनच्या बहुतेक सगळ्या जाती 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची, नव्यानं ताब्यात आला तर ३० दिवसांच्या आत. दुकानातल्या पिल्लाबरोबर हे कागद मिळतात का, ते विचारून पाहा. आणि ते कसं आलं, याचाही विचार करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई विमानतळाच्या मालवाहू विभागात महसूल गुप्तचर संचालनालयानं शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ प्राणी पकडले. त्यांत कासवं, अजगर, सरडे, इग्वाना होते. त्यांतले ११७ मेलेले होते. खोक्यातून आलेल्या प्राण्याला वाटेत ना दव मिळतं ना थेंब. विकत घेताना आपण जिवंत पिल्लू बघतो. न पोचलेली दिसत नाहीत.

मग 'नको झाला तर राणीच्या बागेपाशी नाहीतर मलबार हिलवर सोडून देऊ' हा विचार येतो. १९७२ सालीच, आपल्याकडे हा कायदा होत असताना, हवाई बेटांवरच्या एका प्राणिविक्रेत्याकडे आफ्रिकेतून काही डझन शिंगवाले शॅमेलिऑन आले. प्रवासात ते हाडकुळे आणि निर्जलित झाले होते. दवपाणी पिऊन तरतरीत होतील, मग पुन्हा पकडू, म्हणून त्यानं ते आपल्या आवारात सोडले. ते तरतरीत झाले, पण हाती आले नाहीत. आज त्यांची वंशावळ हवाईच्या रानांत पसरली आहे आणि तिथले किडे व दुर्मीळ गोगलगायी खाते आहे. तहानलेल्या प्राण्याविषयी वाटलेली दया खरी होती, चुकली ती जागा. आपल्याकडे सांभाळता येत नसेल तर प्राणी सोडू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

माझं म्हणणं दोघांना आहे. विकणाऱ्यानं प्राण्यासोबत नोंदणीचे कागद आणि खाण्यापाण्याची लेखी माहिती दिल्याशिवाय विक्री होऊ नये, आणि यंत्रणांनी ते तपासावं. पालकांनी पैसे काढण्याआधी चार प्रश्न विचारावेत. याचे कागद कुठे आहेत? याला रोज दोन वेळा पानावर पाणी कोण देणार, परीक्षेच्या दिवसांत आणि गणपतीत गावी गेल्यावरही? जिवंत किडे घरात पाळायला घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? आजारी पडला तर सरडे पाहणारा पशुवैद्य आपल्याला माहीत आहे का? एकाचंही उत्तर 'बघू' असेल, तर मुलाला जास्वंदीची कुंडी आणि चांगली दुर्बीण द्या. कुंपणावरचा सरडा फुकट दिसतो.

त्या पिल्लाला मी कोमट, दमट हवेत ठेवलं, कातडीखालून सलाईन दिलं, कॅल्शियम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जास्वंदीच्या पानावरचे थेंब चाटले. तो मुलगा अर्धा तास श्वास रोखून ते बघत होता. ''असं प्यायचं असतं होय त्याला,'' तो हळूच म्हणाला. आजोबांना मी नोंदणीचं आणि वनविभागाचं सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करायचं कबूल केलं. पण मूत्रपिंडं आधीच निकामी होत आली होती. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं.

''काका, माझं काय चुकलं?'' त्यानं विचारलं. तुझं काही चुकलं नाही, असं मी त्याला सांगितलं. जे त्याला सांगितलं गेलं होतं, ते त्यानं एक दिवसही न चुकता केलं होतं. चूक विकणाऱ्याची होती आणि काही न विचारता विकत घेणाऱ्या मोठ्यांची होती.